मापन भवनचा चार्ज

केतकी : ...आणि ही जी लॉबी तुम्ही बघताय ना काकू, ही पूर्ण इटालियन मार्बल. जुन्या बिल्डिंगचा फक्त सांगाडा ठेवलाय, मतलब पिलर वगैरे, आणि गच्चीवरचा तो मोठा तराजू. तो लँडमार्क आहे ना, त्याला हात लावायची परमिशनच नव्हती. बाकी सगळं नवीन. चलो, लिफ्ट आली.

बळवंत : ही नको. ही मधेच अडकते. सतराव्यासाठी पलीकडची घ्या.

केतकी : नाही सर, या जपानी लिफ्ट आहेत, अडकत नाहीत. तुम्ही आधी येऊन गेलात का साइटवर?

मीनाक्षी : दिल्लीत राहून तराजूवाली बिल्डिंग कुणी पाहिली नाही असं आहे का? यमुनेच्या पुलावरूनसुद्धा दिसते. तू दाब गं बटण. अहो, आत या. हात धरा माझा.

बळवंत : हात कशाला? ऑफिसात बरं दिसत नाही.

केतकी : काकू, फोनवर तुम्ही मराठीत बोललात ना, मला इतकं छान वाटलं. इकडे क्लाएंट म्हणजे सगळे गुडगावचे नाहीतर पंजाबी बागचे. आपलं कोणीच येत नाही.

मीनाक्षी : आपलं कोणी येणार कुठून? आपली माणसं सरकारी नोकरीत जन्म काढतात आणि मयूर विहारच्या सोसायटीत दोन खोल्या मिळाल्या की धन्य होतात. तुझे वडील कशात?

केतकी : पप्पा आर्मीत होते, नायब सुभेदार. मूळचे फलटणकडचे. मी दिल्ली कँटमध्येच वाढले, म्हणून माझं मराठी असं आधं-अधुरं आहे. हसू नका हां. चला, आला सतरावा. सर, या. हा आपला सॅम्पल फ्लॅट. बुटांवर हे कव्हर चढवा प्लीज, वुडन फ्लोअर आहे.

बळवंत : पंखे कुठे गेले?

केतकी : सेंट्रल एसी आहे सर.

बळवंत : शेवटी मंजूर झालं म्हणायचं! किती वर्षं फाइल फिरत होती. आणि खंडेरावचं टेबल कुठे हलवलं? दाराशी बसायचा तो.

केतकी : खंडेराव कोण, सर?

मीनाक्षी : अगं, तू मला किचन दाखव ना. मला आधी किचन बघायचंय.

केतकी : बिल्कुल. हे बघा, जर्मन फिटिंग. चिमणीचा आवाजच येत नाही. आणि हा मधला ओटा, इथे तुम्ही बसून ब्रेकफास्ट करू शकता, यमुनेचा व्ह्यू बघत.

मीनाक्षी : यमुनेचा व्ह्यू बघत जेवायचं? पाण्यावरचा तो घाणीचा फेस बघून? बरं, इथे हिंग-मोहरीची फोडणी दिली तर चालते का?

केतकी : खरं सांगू? स्वयंपाकाचं किचन मागे आहे, नोकरांसाठी. हे फक्त दिसायला.

मीनाक्षी : म्हणजे पाहुण्यांसमोर मांडायचं आणि हात लावायचा नाही. आमच्याकडे पूर्वी काचेच्या कपाटातले टी-सेट असायचे तसं.

बळवंत : मॅडम! या खोलीचं कुलूप कुणी बदललं? माझी किल्ली लागत नाही.

केतकी : सर, सर, प्लीज! तिथे किल्ली नका घालू, ते डिजिटल लॉक आहे, खराब होईल. थांबा, मी उघडते. ही वाइन रूम आहे. हे बघा, उघडलं. आत जाऊन आरामात बघा, फक्त हात नका लावू. काकू, एक मिनिट इकडे येता?

मीनाक्षी : बोल.

केतकी : तुम्ही फ्लॅट घ्यायला नाही आलात ना?

मीनाक्षी : नाही. आणि किंमतही सांगू नकोस, मला इथेच चक्कर येईल.

केतकी : यार... सॉरी. पण यार, काकू! मी मॅनेजरला सांगून बसलेय की जेन्युइन पार्टी आहे, आपली माणसं आहेत, मी गॅरंटी घेते. माझं एक पण बुकिंग झालेलं नाही अजून. इथे अपॉइंटमेंटशिवाय कोणी गेटच्या आत पण येत नाही, माहितीये?

मीनाक्षी : माहितीये, म्हणून तर अपॉइंटमेंट घेतली. रागावू नकोस. तुझ्या गेटवरच्या लोकांना हे चांगले पाठ आहेत. आज कोट-टाय घालून टॅक्सीतून उतरले म्हणून सलाम मिळाला. एरवी रोज सकाळी मेट्रोनं येतात, डबा घेऊन.

केतकी : एक मिनिट. ते गेटवरचे अंकल? जे गार्डशी भांडतात, मला उशीर होतोय, मला वर जाऊ दे म्हणून? ते हे?

मीनाक्षी : तेच हे. माझे यजमान. अर्धी नोकरी यांची याच मजल्यावर झाली. मापन निगमचं ऑफिस होतं हे. देशभरातले तराजू आणि काटे ज्या वजनांवरून तपासायचे ना, ती मूळ पितळी वजनं यांच्या ताब्यात असायची. तू वाइनची म्हणालीस ती त्या वजनांची खोली. पुढे निगम बंद झालं, माणसं पांगली, बिल्डिंग विकली गेली. हे घरी बसले. चांगले होते गं अगदी. पेपर वाचायचे, भाजी आणायचे, माझ्या चुका काढायचे. मग डोक्यातलं काय बिनसलं कोण जाणे, एके दिवशी सकाळी उठून डबा मागितला. म्हटलं, कशाला? तर म्हणे, ऑफिसला.

केतकी : डॉक्टरला दाखवलं?

मीनाक्षी : दाखवलं की. डॉक्टर गोळ्या देतात. गोळी घेतात आणि ऑफिसला निघतात. दाराला कुलूप लावलं तर दार बडवतात, सगळी सोसायटी गोळा होते. माझं नावसुद्धा येत नाही आता तोंडात. कधी बाई म्हणतात, कधी नुसतंच ऐका हो. पण इथला पत्ता चुकत नाही.

केतकी : मग संध्याकाळी?

मीनाक्षी : संध्याकाळी येतात आपले परत. गेल्या महिन्यात मात्र येताना भलत्याच गाडीत बसले. गाझियाबादला पोलिसांना सापडले, पायात एकच बूट. त्या दिवशी आमचा आशय, मुलगा माझा, म्हणाला, आई, आता बस्स. मानेसरच्या पुढे एक जागा बघितलीय त्यानं, अशा माणसांना ठेवून घेतात. स्वच्छ आहे म्हणे. गेट आहे, गेटला कुलूप आहे. उद्या गाडी घेऊन येतोय तो यांना न्यायला.

केतकी : तुम्ही पण जाणार ना सोबत?

मीनाक्षी : तिथे नवरा-बायको असं नसतं गं. पेशंट असतो, आणि रविवारी भेटायला येणारी माणसं असतात. मला यांना घरी ठेवायचंय. नाव विसरू देत, मला ओळखू नका म्हणावं, पण घरात असू देत. आशय म्हणाला, बाबांनी बाहेर पडणं सोडलं तर मी एक शब्द बोलणार नाही. म्हणून आणलं. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघू देत की इथे ऑफिस उरलेलं नाही. मग कशाला येतील?

केतकी : आणि त्यांनी बघितलं...

मीनाक्षी : बघितलं, आणि एसी मंजूर झाला म्हणून खूश झाले.

बळवंत : मॅडम, ही काय पद्धत झाली? वजनांच्या मांडणीवर बाटल्या?

केतकी : सर, त्या फक्त शोसाठी आहेत. रिकाम्या आहेत सगळ्या.

बळवंत : रिकाम्या असोत नाहीतर भरलेल्या. ऑफिसात बाटल्या? उद्या इन्स्पेक्शन आलं तर उत्तर कोण देणार?

मीनाक्षी : अहो, इकडे या. माझ्याकडे बघा. हे ऑफिस नाही आता. इथे लोक राहायला येणारेत. हा बघा पलंग. हा बाथटब. ऑफिसात बाथटब असतो का कधी?

बळवंत : चेअरमनसाहेबांचा असेल.

मीनाक्षी : चेअरमन गेले हो. सगळे गेले आपापल्या घरी. तुम्हीही चला ना. रोज रोज कशाला यायचं इतक्या लांब?

बळवंत : सगळे गेले, कारण सगळ्यांनी चार्ज दिला. माझा चार्ज घ्यायला कोण आलं, सांगा? त्यांना हार घातले, पेढे वाटले, खंडेराव तर रडला. आणि मी किल्ली हातात घेऊन बसलो. माणूस पाठवतो म्हणाले होते. दिवे गेले, लिफ्ट बंद झाली, तरी बसलो. शेवटी जिन्यानं उतरलो अंधारात, भिंतीला हात लावत. चार्ज न देता घरी बसलेल्या माणसाला काय म्हणतात? फरारी म्हणतात.

मीनाक्षी : हे तुम्ही कधी बोलला नाहीत मला. इतक्या वर्षांत एकदासुद्धा.

बळवंत : ऑफिसच्या गोष्टी घरी सांगायच्या नसतात.

मीनाक्षी : म्हणून येता होय तुम्ही... केतकी, जरा इकडे ये. तू घे.

केतकी : काय घेऊ?

मीनाक्षी : चार्ज. तू नवी ऑफिसर. यांच्या जागेवर तुला नेमलंय. यांच्याकडून किल्ली घ्यायची आणि म्हणायचं, चार्ज घेतला. संपलं. मग यांना यायचं कारणच उरत नाही.

केतकी : काकू, इथे कॅमेरे आहेत. मॅनेजर खाली बसून सगळं बघतो.

मीनाक्षी : आवाज ऐकू जातो का त्याला?

केतकी : आवाज नाही जात.

मीनाक्षी : मग झालं तर. क्लाएंटला वाइनची खोली दाखवतेस तू. असं बघ, तुझे वडील पलटणीतून निघाले तेव्हा त्यांनीही कुणाला तरी सोपवलंच असेल ना सगळं?

केतकी : स्टोअर होतं पप्पांकडे. शेवटच्या दिवशी कांबळी मोजून दिली, तंबू मोजून दिले. घरी आले आणि मम्मीला म्हणाले, आज हलकं वाटतंय. त्या दिवशी दुपारीच झोपले ते. मी कधीच नव्हतं बघितलं त्यांना दुपारी झोपलेलं. ठीक आहे काकू. काय बोलायचं मी?

मीनाक्षी : तुझं नाव सांग. बाकीचं तेच बोलतील.

केतकी : सर, नमस्कार. मी केतकी सरनाईक. तुमच्या जागेवर मला पोस्टिंग दिलंय.

बळवंत : तुम्हाला? अच्छा, अच्छा. अहो, मग आधी नाही का बोलायचं! कधी निघाली ऑर्डर?

केतकी : काल, सर.

बळवंत : काल ऑर्डर आणि आज हजर. अशी माणसं हवीत. याआधी कुठे होतात?

केतकी : नोएडा साइटला होते.

बळवंत : फील्डवर. उत्तम. ऑफिसर फील्डवरच तयार होतो, टेबलावर नुसता जाडा होतो. चला, आधी पडताळणी करू. सही काय, कुणीही ठोकतं. वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय चार्ज घ्यायचा नाही, हे लक्षात ठेवा. हातमोजे आहेत?

केतकी : नाही सर.

बळवंत : मग रुमालानं धरा. पितळेला उघडा हात लावायचा नाही कधी. बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. हां, हे सर्वांत मोठं. दोन्ही हातांनी. सावकाश, पायावर पडेल.

केतकी : ही... बाटली? हां, धरलं सर. जड आहे.

बळवंत : आहेच. आता हे त्याच्या शेजारचं. आदळू नका. आता वरच्या फळीवरची. ही लहान वजनं चिमट्यानं उचलायची, तुम्हाला दाखवलं असतं, पण चिमटा कुणी नेलेला दिसतोय. बरोबर आहे सगळं?

केतकी : बरोबर आहे सर.

बळवंत : बघून म्हणताय की म्हणायचं म्हणून?

केतकी : बघून म्हणतेय सर. शपथ.

बळवंत : शपथ नको, बघितलं एवढं पुरे. ही किल्ली. आता तोंडानं म्हणा, साक्षीदारासमोर. या बाई आहेत साक्षीला.

मीनाक्षी : आहे मी.

केतकी : चार्ज घेतला, सर.

बळवंत : दिला.

मीनाक्षी : अहो? काय झालं? बरं वाटत नाही का? असे भिंतीला टेकून का उभे राहिलात?

बळवंत : मीनाक्षी, पाणी दे गं थोडं. पाय भरून आलेत माझे.

मीनाक्षी : ऐकलंस? केतकी, ऐकलंस तू? नाव घेतलं माझं. अहो, बसा, इथे सोफ्यावर बसा. बसले तर चालेल ना गं?

केतकी : बिल्कुल बसा, सर. मॅनेजर गेला उडत. मी पाणी आणते.

बळवंत : मुलगी चांगली वाटते. नवी आहे, पण लक्ष देऊन ऐकते. सांभाळेल.

मीनाक्षी : सांभाळेल हो. तुम्ही नका आता काळजी करू.

बळवंत : सोमवारी यायचं नाही मग मला.

मीनाक्षी : सोमवारी नाही, मंगळवारी नाही, कधीच नाही. सोमवारी तुम्ही उन्हं वर येईपर्यंत झोपा. मी थालीपीठ लावते. बाल्कनीत खुर्ची टाकून बसू दोघं.

बळवंत : लोणी आहे का घरात?

मीनाक्षी : आणू. आशयला सांगू येताना आणायला.

केतकी : सर, पाणी. काकू, तुम्ही रडताय?

मीनाक्षी : रडू दे गं मला. उद्या तो गाडी घेऊन येईल ना, त्याला सांगते, आलास तर जेवून जा, गाडी रिकामी ने परत. तुझं चांगलं होवो बाळा. तुला आज बुकिंग नाही मिळालं, पण माझं घर राहिलं. चला हो, निघू या. हिला कशाला अडकवायचं आणखी?

(लिफ्टमध्ये. दार अजून उघडंच आहे.)

केतकी : सावकाश, सर. उंबरा... मतलब, ती पट्टी आहे खाली. किल्ली माझ्याकडेच ठेवू ना?

बळवंत : आता तुमचीच ती. अगं, घरात गोणपाट आहे का गं?

मीनाक्षी : गोणपाट? कशाला हवंय?

बळवंत : सामान बांधायला. भांडी तू बघ, पुस्तकं मी बांधतो. देव शेवटी काढायचे, निघायच्या दिवशी.

मीनाक्षी : कुठे निघायचंय आपल्याला?

बळवंत : क्वार्टर सोडायला नको? चार्ज दिला म्हणजे सेवा संपली. सेवा संपली की क्वार्टर सरकारला परत. थोडी मुदत देतात, पण शेवटच्या दिवसापर्यंत चिकटून बसणारी माणसं मला आवडत नाहीत.

मीनाक्षी : अहो, काय बोलताय? सरोजिनी नगरचं क्वार्टर आपण केव्हाच सोडलं. हे मयूर विहारचं घर आपलं आहे. तुम्ही विकत घेतलंत. दारावर तुमच्या नावाची पाटी आहे.

बळवंत : पाटी सगळ्यांच्याच दारावर असते. शेजारच्या क्वार्टरमधल्या गुणवंतच्या नव्हती? तोही म्हणायचा, हेच माझं घर, मी कुठे जाऊ? शेवटी वरून माणसं आली आणि पोरीची दहावीची परीक्षा चालू असताना सामान काढलं रस्त्यावर. गादीच्या वळकटीवर बसून अभ्यास करत होती ती. तूच चहा नेऊन दिलास तिला. आपलं तसं होऊ द्यायचं नाही. आपल्या पायांनी निघायचं.

मीनाक्षी : आपल्याला कोणी काढणार नाहीये हो! माझ्या गळ्याची शपथ. आपलं घर आहे ते, आपलं.

बळवंत : हट्ट करू नकोस. इतकी वर्षं राहिलो की वाटतं आपलं. सगळ्यांना वाटतं. घरी पोचलो की आधी तुळशीची कुंडी खालच्यांना देऊन टाक.

केतकी : सर, एक मिनिट. ही किल्ली. मला नाही जमणार हे. तुमचा चार्ज तुम्हीच ठेवा, प्लीज. सोमवारी या तुम्ही. मी गेटवर सांगून ठेवते, कोणी नाही अडवणार. रोज या.

बळवंत : काय बोलता मॅडम? घेतलेला चार्ज असा लगेच परत करतात का? पहिला दिवस आहे, पळून जावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. होते सवय.

केतकी : घ्या ना सर. हात पुढे करा ना.

बळवंत : ठेवा. नीट ठेवा ती.

केतकी : काकू, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं असं काही होईल.

मीनाक्षी : तुला कुठून माहीत असणार? कळायला हवं होतं मला. सरकारी नवऱ्याबरोबर जन्म काढला, चार बदल्या झाल्या, चार वेळा हातानं ट्रंका भरल्या. चार्ज गेला की घर जातं, हे मला सुचू नये? आणि मूर्खासारखी मीच किल्ली सोडवली त्यांच्या हातातून.

केतकी : असं नका ना बोलू.

मीनाक्षी : खरं तेच बोलतेय. सकाळी जायचे ते संध्याकाळी घरी यायचे, केतकी. ऑफिस होतं म्हणून घर होतं. आता दोन्ही गेली.

बळवंत : काय कुजबुजताय दोघी?

मीनाक्षी : काही नाही. बरं, सोडलं क्वार्टर. बांधलं सामान. मग जायचं कुठे?

बळवंत : ते मला माहीत नाही. त्याची ऑर्डर नसते गं.

केतकी : काकू, तुमचा फोन वाजतोय. आशय लिहून येतंय.

मीनाक्षी : वाजू दे.

बळवंत : घे की. गाडीचं विचारत असतील. सांग त्यांना, उद्या सकाळीच पाठवा, आम्ही तयार आहोत.

मीनाक्षी : केतकी, खालचं बटण नको गं दाबूस. थोडा वेळ अशीच उभी राहू दे लिफ्ट.